पांढरीतलं गाडगं

सोयाबीनची सवंगणी अजून सुरू व्हायची आहे, कापूस वेचायलाही वेळ आहे. म्हणून आज जरा निवांत बोलू.

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एकीनं मोबाईल माझ्यापुढे धरला. "ताई, हे पाहा. दोन रुपयाच्या जुन्या शिक्क्याचे पाच लाख भेटतात म्हणे. माह्या पेटीत असे सात हायेत." झालं! हप्ता गोळा करणं राहिलं बाजूला. कोणाच्या आजोळी विहीर खोदताना हंडी निघाली होती, कोणाच्या सासऱ्यानं घर पाडलं तेव्हा भिंतीतून रुपये पडले होते. प्रत्येकीजवळ एक गोष्ट. माझ्याजवळही आहे, ती आधी सांगते. मोबाईलवाल्या पाच लाखांकडे नंतर येऊ.

आपल्या वऱ्हाडात गावाची जमीन दोन नावांनी ओळखतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेताची, पांढरी म्हणजे वस्तीची. माणसं पिढ्यान् पिढ्या एकाच जागी राहिली. मातीच्या भिंती पडल्या, त्यांच्यावर नव्या उभ्या राहिल्या. चुलीची राख, शेण, फुटकी मडकी सगळं त्यात मुरलं, तेव्हा ही पांढरी तयार झाली. धाब्यावर टाकायला, भिंती लिंपायला आपण गढीची पांढरी आणतो, ती खरं तर कोणाची तरी जुनी घरंच असतात. त्या काळी बँक नव्हती. पेंढाऱ्यांची धाड येणार असं कळलं की बाईनं चुलीमागं खड्डा करायचा, गाडगं पुरायचं आणि लेकरांना घेऊन निघायचं. परत आली तर काढायची. नाही आली तर ते गाडगं तिथंच राहिलं.

मी दहा-अकरा वर्षांची होते. माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं. उन्हाळ्यात बाया गढीवर पांढरी खणायला गेल्या होत्या, मी टोपलं घेऊन मागं. आमच्या शेजारची एक म्हातारी होती, रोजमजुरी करणारी, तिला सगळे थोरली माय म्हणायचे. तिच्या कुदळीला खण्ण करून काही लागलं. काळं पडलेलं गाडगं, आणि त्यात चांदीचे जाडजूड रुपये, फारसी अक्षरांचे. किती होते ते कोणी मोजलं नाही. बायांनी ओच्यात भरले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. जागेचा मालक आला, म्हणाला, जागा माझी, माल माझा. निम्म्याहून जास्त तो घेऊन गेला. उरलेले सोनाराकडं गेले आणि त्यानं चांदीच्या भावानं तोलून घेतले. थोरल्या मायच्या वाट्याला दोन रुपये आले. तिनं नातवाच्या गळ्यात बांधायला एकाला भोक पाडून घेतलं. एक माझ्या आईकडं आला, तो देव्हाऱ्यात गेला आणि दर दिवाळीला चिंच आणि राखेनं घासला गेला. पुढे अमरावतीला इतिहासाच्या एका सरांना मी तो दाखवला. त्यांनी भिंग लावून पाहिला, उलटा केला, परत पाहिला. म्हणाले, "बाई, घासून घासून अक्षरंच गेली. कोणत्या राजाचा, कोणत्या टाकसाळीचा, काहीच सांगता येत नाही." आपल्या अचलपूरची, म्हणजे जुन्या एलिचपूरची, टाकसाळ मुघलांच्या काळात होती. तो रुपया आपल्याच जिल्ह्यात पाडलेला असेलही. आता ते कधीच कळणार नाही.

आता याच्या उलट घडलेली गोष्ट ऐका, तीही आपल्याच भागातली. मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा नावाचं गाव आहे. आज ते वाशिम जिल्ह्यात येतं, तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. तिथं १९३९ साली सुमारे १,६०० नाणी एकाच ठिकाणी सापडली. सोनं नाही, चांदी नाही. तांबं, शिसं, कथील असल्या धातूंच्या मिश्रणाची ती नाणी होती, सोनारानं हातात धरली नसती. एका बाजूला हत्ती आणि राजाचं नाव, दुसऱ्या बाजूला चार गोळे जोडल्यासारखी खूण. ती नाणी नागपूरच्या वा. वि. मिराशींसारख्या विद्वानाच्या हाती गेली, त्यांनी एकेक वाचलं. ती होती सातवाहन राजांची, म्हणजे अठराशे वर्षांच्या आसपास जुनी. गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी ही नावं माहीत होती. पण त्यांच्याबरोबर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशीही नावं निघाली, जी पुराणांतल्या राजांच्या यादीत नाहीत. एवढे राजे आपल्या वऱ्हाडच्या मातीनं सांभाळून ठेवले होते! मला विचाराल तर अकोल्याच्या मातीतून निघालेलं सगळ्यात मोठं धन हेच, आणि भंगारवाल्याकडं त्याचे शंभर रुपयेही आले नसते.

नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली, नहपान राजाची. त्यातल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला छाप पुन्हा मारलेला होता. म्हणजे याचं राज्य त्यानं जिंकलं, याचा पुरावा लोकांच्या हातातल्या पैशावरच. हे कळलं ते सगळी नाणी एकत्र राहिली म्हणून. चार घरांत वाटली असती तर काय कळलं असतं?

आता थोरल्या मायकडे परत येते, कारण माझ्या मनात ती अजून खुपते. "जागा माझी, माल माझा" हे त्या दिवशी सगळ्यांनी मान्य केलं. मी मोठी झाल्यावर कायदा वाचला. तो १८७८ सालचा, इंग्रजांच्या वेळचा, आणि अजून लागू आहे. आपण त्याला गुप्तधनाचा कायदा म्हणू. जमिनीत किंवा जमिनीवर उभ्या असलेल्या भिंतीत लपवलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर ज्याला सापडलं त्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय आणि किती सापडलं, कुठं, कोणत्या तारखेला. मग सरकार जाहीर नोटीस काढतं, कोणाचा दावा आहे का ते पाहतं, त्यात चार-सहा महिने जातात. खरा मालक कोणी निघालाच नाही, आणि आधी काही करार झालेला नसला, तर वाटणी अशी: तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक हिस्सा जागेच्या मालकाचा. ऐकलंत? रुपयात बारा आणे थोरल्या मायचे होते. कुदळ तिची होती. तिला कोणी सांगितलं नाही, आणि सांगणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

खोटी आशा मात्र लावत नाही. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असली तर ते धातूची किंमत आणि तिचा पाचवा भाग जास्त देऊन घेऊ शकतं. शौकीन लोक देतील तेवढा पैसा त्यात येत नाही, आणि चकरा माराव्या लागतात. मला हा नियम कंजूषच वाटतो. पण लपवलं तर काय? हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. पुण्याजवळ चिखलीला बांधकामाच्या खोदकामात मजुरांना सोन्याची नाणी सापडली, त्यांनी घरी नेऊन ठेवली. २०२१ साली पोलिसांनी ती २१६ नाणी जप्त केली. सव्वादोन किलोंवर सोनं, तीनशे वर्षांपूर्वीचं. हक्क होता तो गेला आणि दारात पोलीस आले.

कोणी म्हणेल, आमच्या वाड्यात धन आहे, महाराज येऊन दाखवणार आहेत. बायांनो, त्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. गुप्तधनासाठी अघोरी पूजा करणं महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा पूजेत लेकरांचे जीव गेलेत. यापेक्षा जास्त बोलवत नाही.

आणि आता ते पाच लाख. वैष्णोदेवीचं चित्र असलेला पाच-दहाचा शिक्का २०१२ साली सरकारनंच चलनात आणला, ढिगानं आणला. जे एवढं आहे त्याचे लाख कोण देईल? यांची रीत ठरलेली आहे. फोटो मागवतात, भाव ठरवतात, आपल्याला स्वप्नं पडायला लागतात. मग म्हणतात, नोंदणीचे एवढे भरा, कराचे एवढे भरा. कागदावर रिझर्व्ह बँकेचं नावही छापतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच सांगून टाकलं की असल्या व्यवहारात आम्ही नाही, आम्ही कोणतंही कमिशन घेत नाही. विकणाऱ्यानं आधी पैसे भरायचे, असा बाजार अकोल्याच्या मंडीत तरी पाहिला का तुम्ही? आजीच्या पेटीतला राणीछाप कलदार ही वेगळी गोष्ट. तो पावणेबारा ग्रॅमच्या आसपास भरतो, त्यात अकरा हिस्से चांदी आणि एक हिस्सा भेसळ. त्याला बहुतेक वेळा चांदीचाच भाव येतो. तो तुमच्या घरचा आहे, त्याला कोणाला कळवायची गरज नाही. विकायचा की सुनेला द्यायचा, तुमचं तुम्ही ठरवा.

आता शेवटचं. आमच्या त्या बैठकीनंतर आठ दिवसांनी गटातली एक सदस्य संध्याकाळी घरी आली. पदरात फडक्याची पुरचुंडी. दुसऱ्याच्या शेतात शेततळं खोदायला गेली होती, तिथं मातीच्या ढेकळात नऊ तांब्याचे तुकडे लागले, एकावर हत्तीसारखं काही दिसत होतं. "ताई, मालकाले सांगू का नोको? का गुपचाप ठेवू?" मी म्हटलं, आधी धुवू नको, घासू नको, माती तशीच राहू दे. प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळला. जवळ खापराचे दोन तुकडे होते तेही घेतले, कारण त्यावरूनही काळ कळतो. मालकाला तिनं स्वतः सांगितलं, गटातल्या आम्ही तिघी सोबत होतो. तो आधी थोडा चढ्या आवाजात बोलला, मग आम्ही चौथा हिस्सा त्याचाही आहे म्हणालो, तेव्हा खाली बसला.

रात्री वहीच्या कागदावर अर्ज लिहिला. काय सापडलं, किती, कुठल्या गट नंबरात, कोणत्या तारखेला, कोणाला. खाली तिची सही. ती अंगठाच लावणार होती, पण आम्ही म्हटलं, साक्षरतेच्या वर्गात शिकलीस ना, मग कर सही. तिला पाच मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी अर्जाच्या दोन प्रती घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूनं आधी वर पाहिलं, मग खाली पाहिलं, मग दुसऱ्या टेबलाकडं पाठवलं. तिसऱ्या टेबलावर शिक्का मिळाला. एक प्रत पोच म्हणून आमच्याकडं आहे, गटाच्या पेटीत, पासबुकाच्या खाली. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की याच वेळेला तुम्हाला सांगीन. येते, नमस्कार.