अण्णांचे गुडघे आणि पन्हाळा

आज गप्पा जरा घरच्या आहेत. डिसेंबरात अण्णांना घेऊन पन्हाळ्याला जायचं ठरतंय. सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीद, बाजीप्रभू हे सगळं मी लहानपणी अण्णांच्याच तोंडून ऐकलं. गड मात्र त्यांनी कधी पाहिला नाही. आता वय झालं, गुडघे बोलतात.

पहिल्यांदा देवगिरी सुचला, हिंगोलीहून तोच जवळ. पण त्या पायऱ्या आणि ती अंधारी! अण्णा म्हणाले, "मी खाली बसून तुमच्या चपला राखू का?" तिथंच तो विषय संपला.

पन्हाळ्याचं तसं नाही. तो वसता गड आहे. वर घरं, दुकानं, राहायला हॉटेलं, स्वतःची नगरपरिषदसुद्धा. कोल्हापूरहून वीसेक किलोमीटर, आणि गाडी थेट वर जाते. १८४४ च्या उठावानंतर इंग्रजांनी तिथला चार दरवाजा पाडला. आजचा रस्ता तिथूनच आत शिरतो. वाईट वाटतं, पण अण्णांच्या गुडघ्यांची सोय त्यातच आहे.

गड बांधला शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं, बाराव्या शतकाच्या अखेरीस. पुढं त्याचा पराभव केला देवगिरीच्या सिंघण यादवानं. म्हणजे आपल्या मराठवाड्याचा माणूस तिथं आठशे वर्षांपूर्वीच जाऊन आला, आपण जरा उशिरा निघालोत! जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले जे बारा किल्ले आले, त्यातही पन्हाळा आहे.

आता जायचं कधी? महाराज वेढ्यातून निसटले ते १६६० च्या जुलैत, भर पावसात. तेव्हाच जावं असं मलाही वाटलं होतं. पण धुक्यात समोरचं दिसणार नाही आणि ओल्या दगडावर अण्णांचा पाय सरकला तर? दिवाळीच्या आसपास सोयाबीन, मग हरभऱ्याची पेरणी. फेब्रुवारीपासून हळदीची काढणी, तेव्हा तर घरातून कोणी हलत नाही. उरला डिसेंबर. नाताळची गर्दी नको, म्हणून दुसरा आठवडा, तोही मधल्या वारी.

नागपूर-कोल्हापूर एक्सप्रेस आपल्या हिंगोलीवरून जाते, आठवड्यातून दोनच दिवस. एक रात्र गाडीत. वाटेत पंढरपूर लागतं, आणि खरी अडचण तिथंच आहे. नर्सी नामदेवाच्या मुलखातला माणूस पंढरपूर खिडकीतून बघून पुढं जाईल का? अण्णांनी आधीच बजावलंय, "येताना तरी उतरायचं." त्यामुळं परतीचं तिकीट पंढरपूरहूनच काढणार.

गडावर मुक्काम एक रात्र. अंबरखाना, तीन दरवाजा इथं गाडी जवळ नेता येते. अंधारबावीत मी एकटा उतरेन, अण्णा वर थांबतील. सज्जा कोठी त्यांना बघायचीच आहे, संभाजीराजांसाठी. जिना जमला तर वर, नाहीतर खालून. पावनखिंड यावेळी नाही. हे अजून अण्णांना सांगितलेलं नाही, आणि ते कसं सांगायचं याचाच घोर आहे.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे ऑक्टोबरात मोबाइल घेऊन बसायचं. खालचा बर्थ मिळाला तर पुढच्या भागात कळवतो.