चरबी नसताना आलेला झटका



हृदयविकाराचा झटका म्हटलं की पन्नाशीचा, पोट सुटलेला, खिशात सिगारेटचं पाकीट असलेला गृहस्थ आपल्या डोळ्यांसमोर येतो. आज ज्या झटक्याबद्दल बोलायचंय, त्यात हा गृहस्थ बहुधा नसतोच. तिथे असते पंचेचाळीस-पन्नाशीची बाई. वजन बेताचं, कोलेस्टेरॉल ठीक, व्यसन कसलंच नाही. कधी कधी तर आठवड्यापूर्वीच बाळंत झालेली तरुणी.

आधी रचना समजून घेऊ. साऱ्या शरीराला रक्त पुरवणारं हृदय स्वतःचं पोट मात्र कप्प्यांतल्या रक्तावर भरत नाही. डाव्या कप्प्यातून महाधमनी निघते आणि तिच्या झडपेच्या लगेच वर दोन धमन्या फुटतात, उजवी आणि डावी. डावीच्या पुढे दोन फांद्या होतात. एक वळसा घेऊन मागे जाते, दुसरी हृदयाच्या पुढच्या अंगाने टोकापर्यंत उतरते. या दुसरीला डॉक्टर ‘एलएडी’ म्हणतात. सुरुवातीला तिची रुंदी जेमतेम 3-4 मिलिमीटर, पण हृदयाच्या स्नायूचा फार मोठा भाग तिच्यावर जगतो. आपला आजचा आजार बहुतेकदा हिलाच गाठतो.

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतला नाजूक, मधला स्नायूंचा, बाहेरचा चिवट. नेहमीच्या झटक्यात आतल्या थराखाली वर्षानुवर्षं साठलेली चरबी फुटते आणि तिथे गुठळी होते. इथे चरबीचा संबंध नसतो. अचानक भिंतीच्या थरांमध्येच रक्त शिरतं. कधी आतला थर चिरलेला दिसतो, तर कधी चीर सापडतच नाही. भिंतीला पोसणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या फुटून रक्त साठलं असावं, असं मानतात. पावसाळ्यात भिंतीत ओल शिरली की रंगाला फुगा येतो ना, तसा आतला थर फुगतो आणि रक्ताची वाट दाबून टाकतो. वैद्यकात याला ‘स्पॉन्टेनिअस कोरोनरी आर्टरी डिसेक्शन’ म्हणतात, थोडक्यात ‘स्कॅड’.

1931 साली हॅरॉल्ड प्रिटी या इंग्रज डॉक्टरांनी याची पहिली नोंद केली. रुग्ण 42 वर्षांची स्त्री होती, आणि निदान झालं ते शवविच्छेदनात. पुढे कितीतरी वर्षं हा आजार दुर्मिळच समजला गेला. दुर्मिळ कसला, तो ओळखूच येत नव्हता! आज दिसतं की याच्या रुग्णांत दहापैकी जवळजवळ नऊ स्त्रिया असतात, आणि गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर येणाऱ्या झटक्यांचं हेच एक मोठं कारण आहे. मोठा मानसिक धक्का किंवा शक्तीबाहेर ओझं उचलणं, हे निमित्त पुष्कळदा आढळतं.

बाळंतिणीच्या छातीत दुखलं, डावा हात भरून आला, दरदरून घाम फुटला, की घरात काय म्हणतात? पित्त झालंय, जागरणं होतायत, ओवा खा. घरच्यांचं सोडा, दवाखान्यातही वय बघून गॅसची गोळी मिळते. पहिला कार्डिओग्राम नॉर्मल आला तरी दुखणं थांबत नसेल, तर तो पुन्हा काढावा लागतो आणि हृदयाला इजा झाली का हे सांगणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी काही तासांच्या अंतराने परत करावी लागते. रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करायला वयाची अट नाही.

उपचारांचा भाग तर उलटाच. ब्लॉकेज म्हणजे स्टेंट, हे आता शेजारचे काकाही सांगतात. इथे मात्र अँजिओप्लास्टीचा फुगा आणि स्टेंट यांच्या दाबाने भिंतीतलं रक्त पुढे सरकतं आणि फाट लांबू शकते. अँजिओग्राफीची सोय नसलेल्या तालुक्याच्या गावी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. एरवी ते जीव वाचवतं, इथे भिंतीतला रक्तस्राव वाढवू शकतं. अर्थात अँजिओग्राफीशिवाय हे कळणार कसं? त्या डॉक्टरांना दोष देता येत नाही. रक्त वाहतं आहे आणि रुग्ण स्थिर आहे असं दिसलं, तर अनुभवी हृदयतज्ज्ञ हात आवरतात. औषधं देतात, काही दिवस रुग्णालयात नजरेखाली ठेवतात. बहुतेक धमन्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप भरून येतात.

घरी गेल्यावर चालायला हरकत नसते, पण श्वास रोखून जड वजन उचलणं टाळायचं. काही जणींना हा त्रास पुन्हा होतो, म्हणून पुढच्या गरोदरपणाचा विचार हृदयतज्ज्ञांशी बोलूनच करायचा. मानेच्या आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांचाही स्कॅन करून घेतात, कारण यातल्या बऱ्याच जणींमध्ये त्या भिंतींतही दोष सापडतो.