विषाची ओळख आधीच व्हावी

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री आपल्या भोपाळवर मिथिल आयसोसायनेट वायू पसरला, तेव्हा हमीदियातल्या डॉक्टरांना नेमका उतारा ठाऊक नव्हता. आज रेणूच्या रचनेवरून विषारीपणाचा अंदाज संगणक आधीच बांधू शकतो. पण त्याला माहिती पुरवावी लागते. कोणाच्या शरीरात किती रसायन गेले, हे माणसांनीच मोजायचे असते. त्यासाठी इथे आयसीएमआरची पर्यावरणीय आरोग्य संशोधन संस्था आहे, लखनौला विषविज्ञान संस्था आहे. नेट परीक्षेतून संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएच.डी. करताना दरमहा विद्यावेतन मिळते. आपली मुले पुण्या-बंगळुरूला जरूर जावोत. पण रसायनशास्त्र आणि संगणक दोन्हींची गोडी असलेल्या एकाने तरी या शहराचे अपुरे काम पुढे न्यावे, हेच गणरायाकडे मागणे.