मेट्रोच्या डोक्यावरचं कर्ज

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मंचावर साहित्य-संगीतावर बोलणारी विद्वान मंडळी येतात. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेला उपयंत्री. तेव्हा मी सिमेंट, गिट्टी आणि सळयांबद्दलच बोलणार. जे बोलेन ते माझं स्वतःचं मत आहे, खात्याचं नव्हे.

आपल्या इंदूरला 31 मे 2025 रोजी मेट्रो सुरू झाली. सुपर कॉरिडॉरवर सुमारे 6 किलोमीटर, 5 स्टेशनं. मेट्रो म्हणजे प्रदूषण नाही, असं आपण ऐकतो. रस्त्यावर ती धूर सोडत नाही, हे खरंच. पण बांधताना काय होतं? एक टन सिमेंट तयार होताना साधारण 600 ते 700 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला निम्म्याहून जास्त कोळशाचा नसतोच. चुनखडी भाजली की तो तिच्यातूनच निघतो. खनिजापासून टनभर पोलाद करायचं, तर हा आकडा 2 टनांच्या वर जातो. आता सगळे खांब, गर्डर आणि स्टेशनं डोळ्यांसमोर आणा. पहिली गाडी धावण्याआधीच मेट्रोच्या डोक्यावर हे कर्ज असतं. आपण स्कूटर घरी ठेवून तिच्यात बसलो, तरच ते फिटतं. रिकामी मेट्रो काही फेडत नाही.

मग यासाठी नियम नाहीत का? आहेत, पण विखुरलेले. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या इमारतीला आधी मंजुरी घ्यावी लागते. त्या यादीत मेट्रो मार्ग मात्र नाही. झाडांसाठी आपल्या राज्याचा 2001 चा शहरी वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. मलब्यासाठी 2016 चे नियम आले. मोठं काम करणाऱ्यानं मलबा वेगवेगळा करून त्याची योजना आधी द्यायची, असं त्यांत होतं. हरितगृह वायू मोजण्याची अट बहुधा कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय बँकांकडून येते. म्हणजे पैसा देणारा विचारतो, म्हणून आपण मोजतो. आपण स्वतः कधी विचारणार?

मोजलं तर फायदाही होतो. दिल्ली मेट्रोची गाडी ब्रेक लावताना वीज तयार करून परत तारेत सोडते. या बचतीची नोंद नीट ठेवली, म्हणून 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कार्बन योजनेत तिची नोंदणी झाली. बांधकामातही मार्ग आहेत. पोझोलाना सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के राख असते, औष्णिक वीज केंद्रातली. जितकी राख, तितका भट्टीतला माल कमी. जिथे चालतं, तिथे ते वापरायचं.

पण सगळ्यात मोठी बचत म्हणजे एकदा बांधलेलं टिकवणं. आपली बीआरटीएस आठवा. मे 2013 मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, सुमारे साडेअकरा किलोमीटरवर आयबस सुरू झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये ती काढायला उच्च न्यायालयाची मान्यता मिळाली. ती चांगली होती की वाईट, या वादात मी शिरत नाही. पण बारा वर्षांत जे तोडायचं, त्यात घातलेल्या सिमेंटचा हिशेब कोणत्याही फायलीत येत नाही.

आता माझ्याच फायलीबद्दल सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रस्त्याच्या रुंदीकरणावर मी होतो. चिंचेची जुनी झाडं गेली. बदल्यात रोपं लावली. खड्डे मोजले, रोपं मोजली आणि एम.बी.वर मी सही केली. काम नियमात होतं. दीड-दोन वर्षांनी मे महिन्यात त्याच रस्त्यानं जात होतो. जाळ्या वाकलेल्या, आत वाळकं गवत. पहिल्या शंभर मीटरमध्ये मला चारच रोपं जिवंत दिसली. पूर्वी चिंचेखाली बसून भुट्टे विकणारी बाई आता फाटकी छत्री लावून बसली होती. तिनं मला ओळखलं. म्हणाली, "साहब, छाया कब आएगी?"

मी उत्तर दिलं नाही. एम.बी.मध्ये लावलेली रोपं लिहायचा रकाना होता, जगलेली लिहायचा नव्हता. पण रकाना नव्हता म्हणून मी परत जाऊन बघितलं नाही, ही चूक माझीच. तेव्हापासून माझ्या कामावरची रोपं मी दुसऱ्या उन्हाळ्यात स्वतः मोजतो. कोणी मागत नाही, तरी आकडा लिहून ठेवतो.

रीगलजवळच्या राणी सराईतल्या झाडांसाठी नागरिक उभे राहिले, तेव्हा विकासाला विरोध कशाला, असं काहीजण म्हणाले. मला तसं वाटत नाही. मेट्रो हवीच. पण जो प्रश्न विचारतो, तो काम सुधारतो, हे मी नोकरीत शिकलो.

म्हणून मंडळाला तीन विनंत्या. मंगळवारच्या जनसुनवाईत अर्ज द्या: झाडं किती लावली हे नको, दोन वर्षांनी किती जगली ते सांगा. दुसरी, आपल्या घराजवळ मलबा टाकलेला दिसला, तर नगर निगमला कळवा. स्वच्छतेत पहिलं येणाऱ्या शहराला हे जड नाही. तिसरी, जमेल तिथे मेट्रोत बसा. तिकीट लागू झाल्यावर गर्दी ओसरली होती, ते आपण पाहिलंच. मार्ग पुढे वाढेल तसं तिच्यात बसणं आपल्या हातात आहे. ते कर्ज अभियंता फेडू शकत नाही, प्रवासीच फेडतो.

ती भुट्टेवाली अजून तिथेच बसते. तिच्या मागे लावलेला कडुलिंब आता माझ्या खांद्याला आला आहे. छाया अजून नाही. पण या वेळी मी उत्तर दिलं: "माँजी, गिन रहा हूँ।"

गणपती बाप्पा मोरया!