स्लाइडपर्यंत पोहोचणारे शिक्षण



वैद्यकीय प्रयोगशाळांत काम करणाऱ्यांनी एकत्र यायचे ते नागपूर-पुण्यातच, हा पायंडा मोडून आपण सालेकसा येथे जमलो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. बाहेरच्यांना हा तालुका हाजरा फॉल आणि कचारगडच्या यात्रेमुळे माहीत असतो; आपल्याला तो हिवताप आणि सिकलसेलमुळे माहीत आहे. इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रयोगशाळेचा भार बहुधा एकट्या माणसावर असतो. त्याला प्रशिक्षणाला नागपूरला बोलावले की तो शिकून येतो खरा, पण तेवढे दिवस त्याच्या खोलीला कुलूप लागते आणि तापाचे रुग्ण तसेच परत जातात. म्हणून ऑनलाइन निरंतर शिक्षणाला मी या भागापुरती केलेली तडजोड मानत नाही. शिकत राहण्याचा इथल्या माणसाचा हक्क आज प्रत्यक्षात येऊ शकतो तो बहुतांशी याच मार्गाने. मात्र हे शिक्षण टेबलावरच्या स्लाइडपासून सुरू व्हावे आणि स्लाइडवरच परत यावे. तसे झाले नाही, तर हाती उरते ते प्रमाणपत्र. आज मला मांडायचे आहे ते एवढेच.

डीएमएलटीला शिकलेले किती वर्षे पुरते? थुंकीच्या स्मिअरची झील-नील्सन स्टेन ज्यांच्या हातात बसली होती, त्यांच्यासमोर आता ट्रूनॅट आहे. 2018 मध्ये पूर्व विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली, तेव्हा वाइल-फेलिक्सवर किती विसंबायचे आणि आयजीएम एलायझाला नमुना केव्हा पाठवायचा, हे प्रश्न एकाएकी रोजचे झाले. हिवतापाच्या रॅपिड किटमुळे काम सोपे झाले, असे आपण धरून चालतो. परंतु फॅल्सिपेरमची रेघ एचआरपी-2 या प्रथिनावर उमटते, आणि ते प्रथिन बनवणारे जनुकच नसलेले परजीवी शेजारच्या छत्तीसगडमध्ये आढळल्याचे शोधनिबंध प्रसिद्ध आहेत. अशा रुग्णात ती रेघ उमटेलच, याची खात्री नाही. तिथे उपयोगी पडतो तो शंभर फील्ड पाहिल्याशिवाय जाड स्मिअर निगेटिव्ह न म्हणणारा माणूस. बफरचा पीएच 7.2 वरून खाली घसरला की शुफनरचे ठिपके पुसट होतात, हे त्याला ठाऊक हवे; कारण व्हायव्हॅक्सला प्रायमाक्वीन चौदा दिवस द्यायचे असते आणि फॅल्सिपेरमला एसीटीबरोबर एकच मात्रा. जात चुकली की औषध चुकले.

सिकलसेलचे उदाहरण तर आपल्या घरचे आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद 1958 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. पुढे 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य, आणि त्या तपासणीची पहिली पायरी बहुधा आपली सोल्युबिलिटी टेस्ट. ट्यूबमध्ये रक्त टाकायचे, मागे रेघांचा कागद धरायचा, रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणाने झाकल्या तर पॉझिटिव्ह. वरकरणी याहून सोपे काही नाही. पण रुग्ण फार पांडुरोगी असेल, तर ट्यूबमध्ये हिमोग्लोबिनच कमी पडते, गढूळपणा पुरेसा येत नाही आणि रेघा स्पष्ट दिसतात. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर रक्त दुप्पट घ्यायला हवे, हे ज्याला माहीत नाही तो निष्ठेने चुकीचा रिपोर्ट लिहील. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची ही चाचणी विश्वसनीय नसते. आणि पॉझिटिव्ह आली तरी वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे तिच्यातून कळतच नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. वाहक स्त्रीला निगेटिव्ह म्हणून परत पाठवले आणि तिचे लग्न दुसऱ्या वाहकाशी झाले, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता आजारी मुलाची. ट्यूबमध्ये किती रक्त टाकायचे, एवढ्याशा गोष्टीवर एक संसार अवलंबून असतो.

असे ज्ञान तासभराच्या व्याख्यानाने हातात उतरते का? डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणावरील प्रयोगांचा आढावा 1999 मध्ये 'जामा' या नियतकालिकात आला होता. नुसत्या व्याख्यानांनी कामाची पद्धत बदलल्याचे त्यात दिसले नाही; सराव आणि चर्चा असलेल्या सत्रांनी ती बदलू शकली. उलट बाजूचा दाखलाही आहे. न्यू मेक्सिको विद्यापीठातील डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये 'प्रोजेक्ट एको' सुरू केला. खेड्यातले डॉक्टर ठरलेल्या वेळी पडद्यावर जमत, स्वतःच्या रुग्णाची माहिती मांडत आणि त्यावर तज्ज्ञांशी चर्चा होई. 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: हिपॅटायटिस-सी बरा होण्याचे प्रमाण विद्यापीठाच्या दवाखान्यात 57.5 टक्के, आणि या खेड्यांतल्या व तुरुंगांतल्या केंद्रांत 58.2 टक्के. हा दाखला डॉक्टरांचा आहे, प्रयोगशाळेचा नाही, हे मान्य. पण शिकणाऱ्याने स्वतःचा नमुना पुढे ठेवायचा आणि त्यावर जाणकाराचे उत्तर मिळवायचे, ही रीत आपल्याला तंतोतंत लागू पडते.

यावर पहिला आक्षेप असा की, हाताचे काम पडद्यावर शिकता येत नाही. पिपेट पहिल्यांदा धरायला शिकवायचे असेल तर आक्षेप बरोबरच आहे. आपण मात्र हात तयार असलेल्यांबद्दल बोलतो आहोत. त्यांना हवी असते ती आपले बरोबर आहे का, हे सांगणारी नजर. सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसला मोबाइल टेकवून काढलेला फोटो आज गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात क्षणात पोहोचू शकतो. त्याच्या जोडीला दर महिन्याला उत्तर झाकलेल्या दहा स्लाइड टपालाने याव्यात, त्या इथेच वाचल्या जाव्यात आणि नंतर पडद्यावर त्यांची चर्चा व्हावी. नेटवर्कची तक्रार खरी आहे, जंगलपट्ट्यात तर फारच. म्हणून धडे दहा-बारा मिनिटांचे, उतरवून ठेवता येणारे आणि मराठीत हवेत; थेट सत्र महिन्यातून एक पुरे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नमुने आता महालॅबकडे जातात, यंत्रेच सगळे करतात, मग केंद्रावरच्या माणसाला एवढे शिकवायचे कशाला? पण प्रयोगशाळेतील चुकांचा मोठा वाटा नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच घडलेला असतो. साध्या ट्यूबमधले रक्त उन्हाच्या खोलीत तासन्‌तास पडून राहिले की साखर उतरते आणि पोटॅशियमचा आकडाही बदलतो. यंत्र तो चुकीचा आकडा दशांश चिन्हासह अचूक छापून देते. नमुना दूर जाणार असेल, तर इथल्या माणसाचे ज्ञान अधिकच लागते.

उरला प्रमाणपत्रांच्या बाजाराचा धोका. डॉक्टरांना महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पाच वर्षांत 30 क्रेडिट दाखवावे लागतात. आपल्या व्यवसायाला 2021 च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय पातळीवर वैधानिक चौकट दिली आहे. आपल्याला क्रेडिट मोजायचे असतील, तर तास मोजू नयेत, वाचलेल्या स्लाइड मोजाव्यात. तास विकत मिळतात. व्हिडिओ चालू ठेवून दुसरे काम करता येते. झाकलेली स्लाइड कोणाकडून विकत घेणार? अर्थात आपल्यातले अनेक जण कंत्राटी आहेत, आणि चुकलेल्या स्लाइडचा कागद उद्या करार थांबवायला वापरला जाईल ही त्यांची भीती अनाठायी नाही. म्हणून या अधिवेशनाने शासनाकडे दोन गोष्टी स्पष्ट शब्दांत मागाव्यात, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे: शिकण्यासाठी आठवड्याला दोन तास कामाच्या वेळेतलेच मिळावेत, आणि सरावाच्या स्लाइडवरचे गुण शिकणारा व शिकवणारा यांच्यातच राहावेत, सेवापुस्तकात किंवा कराराच्या फाइलमध्ये जाऊ नयेत.