शिफारस नव्हे, पोच



बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात एखाद्या खासगी व्यवसायशिक्षण संस्थेत मुलाचे काही अडले, की बाप प्रथम कोठे जातो? कारखान्याच्या ओळखीच्या संचालकाकडे, गावच्या पुढाऱ्याकडे, नाही तर पक्षाच्या कार्यकर्त्याकडे. एक फोन होतो. कधी काम होतेही. पण झाले तर ते उपकार म्हणून होते आणि न झाले तर नशीब म्हणून सोडून दिले जाते. कागदावर काहीच उरत नाही, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाला पहिल्यापासून तीच पायपीट करावी लागते. शिफारशीने एका मुलाचा प्रश्न सुटतो. तिने अन्याय करणारी पद्धत मात्र अबाधित राहते.

वस्तुतः या भागातला विद्यार्थी याचक नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे कारखाने उभे राहिले आणि सहकाराच्या सावलीत पश्चिम महाराष्ट्रात शिक्षणसंस्था वाढल्या. अनेक कारखान्यांत उसाच्या बिलातून शिक्षणासाठी कपात झाली. रयतेच्या घामातून आलेला पैसा कोणाच्या शिक्षणावर खर्च होतो, हा प्रश्न महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगासमोर मांडला होता. तो आज निराळ्या रूपाने उभा आहे.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. ग्रामीण मुलांना शिक्षण जवळ आले हे खरे; पण त्याचा खर्च सरकारकडून पालकाच्या खांद्यावर आला, हेही तितकेच खरे. देणग्यांचा बभ्रा झाल्यावर राज्याने १९८७ चा कॅपिटेशन शुल्क प्रतिबंधक कायदा केला. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संस्थांना स्वायत्तता दिली, पण नफेखोरीला आणि कॅपिटेशन शुल्काला मनाई केली. २०१५ च्या राज्य कायद्याने खासगी विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांसाठी शुल्क नियामक प्राधिकरण आणले. एवंच, कायद्यांची वाण नाही. वाण आहे ती लेखी तक्रारीची.

ती का होत नाही? कारण प्रात्यक्षिकाचे आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण संस्थेच्या हातात असतात. हजेरी तिच्या वहीत असते. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला बहुधा तिच्याच कपाटात असतो. एकट्या मुलाने सही केली, तर त्याचे वर्ष पणाला लागते. या भीतीला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यावर उपाय एकच : तक्रार सामुदायिक असावी. वीस विद्यार्थ्यांच्या आणि तितक्याच पालकांच्या सह्या असलेल्या अर्जाचा सूड उगवणे अवघड असते.

दुसरी अडचण म्हणजे कोणत्या दारी जावे हेच ठाऊक नसते. येथे कार्यकर्त्याला संस्थेच्या पाटीवरील नावापेक्षा तिची संलग्नता माहीत असली पाहिजे. आयटीआय असेल, तर प्राचार्यांनंतर जिल्हा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण अधिकारी, पुण्याचे प्रादेशिक सहसंचालक आणि मुंबईचे संचालनालय, असा क्रम आहे. तंत्रनिकेतन असेल, तर परीक्षा व अध्यापनाविषयीची तक्रार महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाकडे आणि प्रवेश व कारभाराविषयीची तंत्रशिक्षणाच्या पुणे विभागीय सहसंचालकांकडे जाते. अशा संस्थांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे २०१९ चे तक्रार निवारण विनियमही आहेत. मंजुरीपेक्षा अधिक शुल्क घेतले, तर शुल्क नियामक प्राधिकरण आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती अडली, तर समाजकल्याण सहायक आयुक्तांचे कार्यालय आहे. जिला कोणतीच संलग्नता नाही आणि जी खोटे प्रमाणपत्र दाखवून पैसे घेते, तिच्याविरुद्ध फसवणुकीची फिर्याद पोलीस ठाण्यातच द्यावी लागते.

पदवी महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे विनियम आहेत. संस्थेच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीने शक्यतो कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्याने समाधान झाले नाही, तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते, आणि लोकपालाने ३० दिवसांत निर्णय करावा अशी अपेक्षा आहे. मूळ कागदपत्रे अडकवून ठेवणे आणि माहितीपत्रकात नमूद नसलेले पैसे मागणे, या दोन्ही गोष्टी या विनियमांत तक्रारीचे विषय म्हणून स्पष्ट लिहिल्या आहेत. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र निर्धोक नाही. महर्षी दयानंद विद्यापीठ विरुद्ध सुरजीत कौर या २०१० च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाला सेवा पुरवणारे मानण्यास नकार दिला आहे.

अर्ज कसा असावा? शिव्याशाप नसलेला, तारीखवार आणि थोडक्यात. काय घडले, कधी घडले, किती रुपये घेतले, पावती मिळाली की नाही, आणि मागणी काय. पैसे रोख मागितले व पावती नाकारली, तर तेही त्याच दिवशी लिहून काढावे. अर्ज आवक विभागात द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यावा. ते घेण्यास नकार मिळाला, तर स्पीड पोस्टने पाठवून त्याची पावती जपावी. बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहून दूर. रोजंदारी बुडवून मजुराने तेथे किती खेपा घालाव्यात? म्हणूनच पोच महत्त्वाची. पोच नसलेली तक्रार सरकारी दप्तरात जन्मालाच येत नाही.

उत्तर आले नाही, तर माहितीचा अधिकार आहे. खासगी संस्था माहिती नाकारील. पण तिचा तपासणी अहवाल, मंजूर शुल्क आणि कागदोपत्री दाखवलेले अध्यापक यांची माहिती संचालनालयाच्या किंवा मंडळाच्या ताब्यात असते. तेथे दहा रुपयांचा मुद्रांक लावून, एकाच विषयावर दीडशे शब्दांच्या आत अर्ज करावा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. वर्गात नसलेला शिक्षक कागदावर हजर असल्याचे दिसले, की तक्रारीला पुरावा मिळतो.

आता प्रश्न कार्यकर्त्यांचा. ज्या तालुक्यांत कारखाना, बँक, पंचायत आणि शिक्षणसंस्था यांची सूत्रे बहुधा एकाच वर्तुळात फिरतात, तेथे फोन करून काम करून देणारा कार्यकर्ता लोकप्रिय होतो, हे उघड आहे. पण त्या वर्तुळाशी असलेल्या ओळखीवर जो मदत करतो, तो नकळत त्या वर्तुळाचीच सत्ता वाढवतो. समाजवादी कार्यकर्त्याचे काम निराळे आहे. त्याने अर्ज लिहायला शिकवावे, सह्या गोळा कराव्यात, तारखा वहीत नोंदवाव्यात, मुदत संपताच वरच्या पायरीवर जावे, आणि मुलांना धमकी आली तर पालकांसह दारात उभे राहावे. तक्रारी कधी फेटाळल्या जातील, कधी वर्षभर रेंगाळतील. लोकपाल न नेमणाऱ्या विद्यापीठांची यादी २०२४ मध्ये आयोगाला जाहीर करावी लागली, यावरून यंत्रणेची निष्ठा कळते. पण एकेका पोचेने नोंद तयार होते. त्या नोंदींतून मोर्चाची मागणी ठरते, विधिमंडळातला प्रश्न तयार होतो, न्यायालयातली याचिका उभी राहते.

नांगर धरणाऱ्याचा मुलगा लेथवर उभा राहायला शिकतो, तेव्हा त्याने हक्क मागायलाही शिकले पाहिजे. हात जोडून मिळवलेल्या प्रमाणपत्राने त्याला एखादी नोकरी मिळेल. सही करून मिळवलेल्या न्यायाने तो नागरिक होईल.