मान मागणारा आवाज



अमेरिकेतल्या सोल संगीताची सम्राज्ञी अरीथा फ्रँकलिन हिचा जन्म 25 मार्च 1942 चा, मेम्फिस शहरातला. वडील डेट्रॉइटमध्ये धर्मोपदेशक, आई लहानपणीच गेलेली. चर्चमधली गॉस्पेल, म्हणजे भक्तिगीतं, गातच ही मुलगी वाढली. पियानो तर ती नुसत्या कानानं शिकली.

कोलंबिया या ध्वनिमुद्रिका कंपनीतली पहिली काही वर्षं तिच्या आवाजाला पुरेसा न्याय न देताच सरली. 1967 मध्ये अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलर यांनी तिला पियानोवर बसवून मोकळेपणानं गाऊ दिलं, आणि चर्चमधली ती आर्तता प्रेमगीतांत उतरली.

त्याच वर्षीचं 'रिस्पेक्ट'. मूळ गाणं गायक ओटिस रेडिंगचं, 1965 चं. त्यात कमावून घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागतो. अरीथानं तेच गाणं बाईच्या तोंडी दिलं. 'रिस्पेक्ट' या शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून ती ठणकावते, आणि साथीला तिच्या सख्ख्या बहिणी, अर्मा आणि कॅरोलिन. विनवणीची मागणी झाली! कृष्णवर्णीयांच्या हक्कांची चळवळ आणि स्त्रियांची चळवळ, दोघींनीही हे गाणं आपलं मानलं. माझ्या मते तिची खरी थोरवी इथंच आहे.

पुढे 18 ग्रॅमी पुरस्कार मिळाले. 16 ऑगस्ट 2018 रोजी डेट्रॉइटमध्ये ती गेली.

जाता जाता एक शिफारस: कीर्तीच्या शिखरावर असताना, 1972 मध्ये, लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री तिनं भक्तिगीतं गायली. 'अमेझिंग ग्रेस' ही ती ध्वनिमुद्रिका. श्रोतेहो, एकदा शांतपणे जरूर ऐका.